गेनू पडवळाचं मन हद्दीवर सापडलं

गोल्फच्या अठराव्या, शेवटच्या होलवर गेनू पडवळाचं मन अंगातून उतरून निघून गेलं, आणि नियमाप्रमाणे ते शोधायला तीन मिनिटं मिळाली. हरवलेल्या चेंडूला जो नियम, तोच हरवलेल्या मनाला. नाही सापडलं तर एक फटका दंड.

वर्षातून एकदा क्लबात कॅडींचा, म्हणजे साहेबांच्या काठ्यांच्या बॅगा वाहणाऱ्यांचा, सामना होतो आणि त्या दिवशी साहेबलोक कॅडींच्या बॅगा वाहतात. गेनूची बॅग कर्नल सरदेशमुखांच्या खांद्यावर होती. पेलत नव्हती, पण सांगतात कुणाला! यंदा ढालीबरोबर पोरांना खेळ शिकवायची कायमची नोकरी होती, आणि बॅगा वाहून गेनूचे गुडघे संपले होते. चार फुटांवरून चेंडू भोकात गेला की नोकरी त्याची. हुकला तर शिवा धुमाळाशी बरोबरी. आणि बरोबरी झाली की गेनू हरतो, असं सलग तीन वर्षं झालेलं.

“शेवटचं कुठं बघितलंत?” पंचानं वही उघडली.

“सतराव्यावर होतं की बरोबर. नोकरीचंच बोलत होतं.”

कर्नल वाळूच्या खड्ड्यात वाकले. “पडवळ, रंग कसा रे तुझ्या मनाचा?”

“मळखाऊ, साहेब.”

शिवाही झुडपं चाचपत होता. तेवढ्यात हिरवळीच्या कडेनं हौसाबाईचा, गेनूच्या बायकोचा, दबका आवाज आला. “आवं, हितं हाय.”

मांजराएवढं मन तिच्या मांडीवर झोपलं होतं. पंचानं हद्दीच्या दोन खुंट्यांमध्ये दोरी धरली. हौसाबाई हद्दीबाहेर, मनाचे पाय पांढऱ्या खुंटीच्या आत. “हद्दीत आहे. पण उचलायचं नाही.”

“मग उठवू या,” कर्नल म्हणाले.

“खबरदार!” हौसाबाई कुजबुजली. “महिनाभर कूस बदलतंय. ‘हुकला तर, हुकला तर’ करत. आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा.”

गेनूनं बूट काढले. एरवी तो असा फटका दणकून मारी आणि चेंडू भोकावरून उडून जाई. आज त्यानं चेंडूला नुसता हात फिरवावा तशी काठी लावली. चेंडू निघाला, कडेशी रेंगाळला, आत उतरला.

टाळी कुणीच वाजवली नाही. पंचानं निकाल कर्नलांच्या कानात सांगितला, कर्नलांनी शिवाच्या, शिवानं गेनूच्या.

“नोकरी तुझी, गेनूदा.”

गेनूनं मान हलवली आणि बायकोला खुणेनंच विचारलं, पाय अवघडला का?

नाही, ती खुणेनं म्हणाली.