पदवीधरांचे सुभेदार

आमच्या इमारतीत एखाद्याचा पदवीचा निकाल लागला की आधी त्याची छाती मोजली जायची. पेढे नंतर.

मोजणारे होते तळमजल्यावरचे सुभेदार जगदाळे. मूळचे साताऱ्याकडचे. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी विरार पूर्वेला मनवेलपाड्यात फ्लॅट घेतला, तेव्हा मी सातवीत होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात शिंप्याची टेप कायम गुंडाळलेली असायची. निकालाची बातमी जिना चढायच्या आत ते त्या घराच्या दारात उभे.

"बी.कॉम. झालास न्हवं? ये इकडं. श्वास सोड. आता भर. भर म्हंतो मी!"

पोरगं पेढ्यांचा बॉक्स हातात धरून फुगायचं. फुगवल्यावर छाती पाच सेंटिमीटर वाढली तर सुभेदार खूश. नाही वाढली तरी खूश, कारण मग त्याला पहाटे उठवून पळवता येईल. पहिल्या मजल्यावरच्या नरेशला तर त्यांनी हळदीच्या दिवशी मोजला. अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या, आणि सुभेदारांची टेप पिवळी झालेली. नवरीकडच्या मंडळींना वाटलं, आमच्याकडची काही रीत असेल. त्यांनी कौतुकाने फोटोही काढला.

सुभेदारांचं म्हणणं एकच होतं. पदवी घेतलेल्या पोराने लष्करात जावं, आणि जायचं तर अधिकारी म्हणूनच जावं.

"मी नववी नापास," ते सांगायचे. "शिपाई म्हणून घुसलो. सुभेदार व्हायला डोक्याचे केस गेले. आन् तिकडं कालचं पोरगं कॉलेजचा कागद घेऊन येतंय, ट्रेनिंग करतंय आन् आल्या आल्या साहेब! मी त्याला सॅल्यूट मारायचा. मला त्याचं वाईट न्हाय वाटायचं हो. मला वाईट वाटतं ह्या विरारच्या पोरांचं. कागद सगळ्यांकडं हाय, आन् लॅमिनेशन करून कपाटात ठिवत्यात!"

मग सवलतींची यादी सुरू व्हायची. राहायला जागा, हक्काची. रेशन, हक्काचं. गावी यायला रेल्वेचं वॉरंट, म्हणजे फुकट तिकिटाचा कागद, हक्काचं. म्हातारपणी पेन्शन, हक्काचं. कॅन्टीनमध्ये साबणापासून फ्रिजपर्यंत सगळं स्वस्त, तेही हक्काचं. 'हक्काचं' म्हणताना ते उजव्या हाताने डाव्या तळव्यावर टाळी द्यायचे. त्या टाळ्यांचा आवाज जिन्यात घुमला की वरच्या मजल्यावरचे पदवीधर दाराला आतून कडी लावायचे.

इतक्या वर्षांत त्यांच्या गळाला एकही मासा लागला नव्हता. कुणी बँकेत गेलं, कुणी आखातात, कुणी स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान काढलं. सुभेदार प्रत्येकाच्या पेढ्याला आशीर्वाद द्यायचे आणि मागे वळून पुटपुटायचे, "छाती चांगली हुती."

मुलींकडे त्यांचं लक्षच नव्हतं. तो त्यांचा दोष नव्हता. तेव्हा मुलींना असं घेतच नसत. डॉक्टर आणि नर्स सोडल्या तर लष्कराचं दार आम्हाला बंद होतं. मी बी.एस्सी. झाले तेव्हा त्यांनी दारात येऊन पेढा खाल्ला, "शाबास सुजाता" म्हणाले आणि टेप न काढता गेले.

त्या वर्षी आमच्या भागात पाण्याचे फार हाल होते. टँकर यायचा आणि सगळी इमारत कळशा-बादल्या घेऊन खाली धावायची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आईची कंबर दुखायची, बाबा अंधेरीला औषध कंपनीत कारकून, ते उशिरा यायचे. म्हणजे पाणी माझ्याकडे. दोन हातांत दोन बादल्या घेऊन मी वर-खाली करत होते आणि सुभेदार आपल्या दारात स्टुलावर बसून बघत होते.

"थांब," ते एकदम म्हणाले. "धाप लागली?"

"नाही काका."

"खोटं बोलू नगस. हात दाखव." त्यांनी माझी नाडी धरली आणि घड्याळाकडे बघितलं. मग आत हाक मारली, "अहो, ऐकलं का? तो कालचा पेपर आना बरं!"

हौसाकाकू, म्हणजे त्यांची बायको, पेपर घेऊन आल्या. काकू फार कमी बोलायच्या. सुभेदार त्यांना 'अहो' म्हणायचे, त्याही सुभेदारांना 'अहो' म्हणायच्या, आणि दोघांचा संवाद बहुधा तिथेच संपायचा. पेपरात जाहिरात होती. मुलींना अधिकारी म्हणून घेणार. पदवी हवी.

सुभेदारांनी टेप काढली, मग थबकले. छाती मोजणं शक्य नव्हतं. शेवटी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि काकूंनी मला दाराला टेकवून उंची घेतली. आकडा ऐकून सुभेदारांनी भिंतीलाच टाळी दिली.

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. आईने चहा ठेवला आणि आतूनच विचारलं, "पगार किती देतात हो?"

"बँकेपेक्षा कमी न्हाय. पन वहिनी, पगार बाजूला ठिवा. तो खर्च कशावर हुतो, ते सांगा."

"भाडं, वाणसामान, डॉक्टर, कपडे..."

"जागा सरकारची. रेशन सरकारचं. इस्पितळ सरकारचं, आन् तुम्ही दोघं तिच्यावर अवलंबून असाल तर तुमचंबी. वर्दीला भत्ता येगळा. मग पगार जातो कुठं? पोरीच्या हातात ऱ्हातो!"

बाबांनी कप खाली ठेवला. "आणि लग्न?"

"त्याला भत्ता न्हाय," सुभेदार प्रामाणिकपणे म्हणाले.

आई हसली. बाबा हसले नाहीत. "बघू," म्हणाले. आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. मी रात्री न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी बाबा डबा घेऊन निघत होते, तर सुभेदार परत दारात. या वेळी बनियनवर, टेप नाही, टाळी नाही.

"परबसाहेब, काल एक गोष्ट सांगायची ऱ्हायली. पोरींना सध्या पाच वर्षांचीच नोकरी हाय. वाढवली तर वाढवली. आन् तेवढ्यावर पेन्शन मिळत न्हाय. मी हयातभर पेन्शन-पेन्शन करतोय, त्यामुळं तुम्हाला वाटलं असंल तिलाबी मिळंल. तसं न्हाय. फसवून न्यायची न्हाय मला पोर."

एवढं बोलून ते खाली गेले. बाबा दारात उभे राहिले. त्यांची नेहमीची गाडी चुकणार होती, तरी ते परत आत आले आणि खुर्चीवर बसले. "हा माणूस तोट्याची गोष्ट सांगायला तीन मजले चढून आला," ते आईला म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भर तो अर्ज."

पुढचे महिने मी सुभेदारांच्या ताब्यात होते. पहाटे जीवदानीच्या डोंगराच्या पायऱ्या. ते पुढे, मी मध्ये. लोकांनी काही बोलू नये म्हणून काकूही यायच्या आणि खालच्या पायऱ्यांवर पदर डोक्यावर घेऊन बसायच्या. संध्याकाळी मुलाखतीचा सराव. सुभेदार खुर्चीत बसून निवड मंडळाचे अध्यक्ष व्हायचे आणि आपल्या खास इंग्रजीत विचारायचे, "व्हाय यू जॉइन?"

मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "रेशन, कॅन्टीन आणि रेल्वेचं वॉरंट."

"गप!" सुभेदार उभेच राहिले. "तिथं कॅन्टीनचं नाव काढलंस तर गाडीत बसवून परत पाठवतील. तिथं जबाबदारी म्हणायचं, नेतृत्व म्हणायचं, देश म्हणायचं."

"पण काका, तुम्हीच तर इतकी वर्षं..."

"ते आईबापांसाठी असतं," ते म्हणाले. "आईबापांना पोराच्या पोटाची काळजी असती. पोरानं मात्र पोट घरी ठिवून जायचं."

मुलाखत भोपाळला होती. मी घाबरले होते. स्टेशनवर सोडायला आले तेव्हा त्यांनी जमेल तसा धीर दिला: "नापास झालीस तरी जाण्यायेण्याचं भाडं मिळतं. पयल्या टायमाला हक्काचं हाय. भोपाळ बघून हुईल."

मी पास झाले. मद्रासला ट्रेनिंग झालं. खांद्यावर दोन तारे लागले आणि मला रसद खातं मिळालं. मी फोनवर ते सांगितलं तेव्हा सुभेदार इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हंजे रेशन तूच वाटनार!"

पहिल्या सुट्टीत घरी आले तर सुभेदार डोक्यावर जुनी लष्करी टोपी घालून इमारतीच्या फाटकात सावधान उभे. त्यांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. मी साडीत होते, हातात बॅग. बॅग टाकून मीही हात वर केला.

"चूक!" सुभेदार ओरडले. "डोक्यावर टोपी नसताना सॅल्यूट करायचा न्हाय. काय शिकवलं त्यांनी तुला मद्रासला?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब." आणि माझी बॅग उचलून चालू लागले. मी ती त्यांच्या हातातून घेण्याचा प्रयत्न केला. आम्ही दोघं ती बॅग ओढत तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलो आणि आईने दार उघडलं तेव्हा कुणाच्याही हातात ती नीट नव्हती.

त्यांनी आईबाबांना जे सांगितलं होतं, ते अक्षरशः खरं ठरलं. पुढच्या वर्षी बाबांच्या कंपनीने गाशा गुंडाळला. घर माझ्या पगारावर चाललं आणि जड गेलं नाही, कारण माझा स्वतःचा खर्च खरोखरच जवळजवळ नव्हता. आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं तेव्हा मी उत्तरेत होते, रजा मिळेना. सुभेदारांनी आईला मुंबईच्या लष्करी इस्पितळात नेलं, माझी कागदपत्रं प्रत्येक खिडकीवर दाखवली आणि प्रत्येक खिडकीवर सांगितलं, "लेफ्टनंटसाहेबांच्या मातोश्री हायेत." काकू आईच्या उशाशी बसून राहिल्या. एक पैसा लागला नाही. फोनवर मी आभार मानायला लागले तर सुभेदार रागावले. "माझे कशाला? सरकारचे मान. मी फकस्त गाडीत बसलो."

पण मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं. मध्य प्रदेशातल्या एका छावणीत माझी बदली झाली, दोन खोल्यांचं घर मिळालं, पुढे हिरवळ. मी दोघांना चार दिवस राहायला बोलावलं. सुभेदारांनी आढेवेढे घेतले. 'साहेबाच्या घरी सुभेदार पाहुणा? बरं दिसत न्हाय.' शेवटी काकूंनी फोन घेतला. त्यांचा फोनवरचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "आमी येतो," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सुभेदार बाहेर जवानांशी गप्पा मारत होते आणि काकू माझ्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होत्या. खिडकीतून समोरची जवानांची कौटुंबिक घरं दिसत होती. दोरीवर कपडे, दारात तुळस, शाळेच्या गाडीची वाट बघणारी मुलं.

"अशी असत्यात व्हय घरं," काकू म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काकू, तुम्ही राहिला असाल ना अशा घरात? काकांची इतकी वर्षं नोकरी..."

"मी कवा छावनी बगितलीच न्हाय गं." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "सासूबाई अंथरुनाला खिळलेल्या. शेत हुतं, म्हशी हुत्या. दोनदा ह्यांचा नंबर लागला घराचा. दोन्ही टायमाला मी येऊ शकले न्हाय. ह्यांनी पुढच्याला दिलं. वर्साला एकदा यायचे, पावन्यासारखे. रिटायर झाल्यावरच आमी एकत्र ऱ्हायला लागलो." भाकरी उलटून त्या जरा हसल्या. "सुरुवातीला काय बोलावं तेच कळंना. ह्यांना तर लईच अवघड. म्हनून मग ते जिन्यातच बसायचे, पोरं धरत."

मी तव्यावरची भाकरी काढून घेतली. त्यांच्या हाताला दुसरी भाकरी होतीच.

पुढचे दोन दिवस मी त्यांना एकत्र फिरताना बघत होते. सुभेदार बोट करून काहीतरी दाखवायचे, काकू विचारायच्या, सुभेदार सांगायचे. एकदा काकूच बराच वेळ बोलत होत्या आणि सुभेदार मागे हात बांधून नुसते ऐकत चालले होते. शेजारच्या हवालदाराच्या बायकोने काकूंना चहाला बोलावलं, तर काकू गेल्याही.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांचं सामान भरलेलं होतं. मी वर्दी घालून निघत होते. सुभेदार माझ्या दारात येऊन सावधान उभे राहिले.

"साहेब, एक अर्ज हाय."

"बोला, सुभेदारसाहेब."

"रजा दोन दिवस वाढवून पायजेल."

मला गंमत वाटली. मी चेहरा कडक ठेवला. "कारण?"

त्यांनी बाहेर बघितलं. हिरवळीवर काकू उभ्या होत्या. शेजारणीशी काहीतरी बोलून मोठ्याने हसत होत्या, पदर डोक्यावरून खाली आला होता आणि त्यांनी तो परत घेतला नव्हता.

"हिला हितं करमतंय," सुभेदार म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मलाबी."

"मंजूर," मी म्हटलं.

ते खाडकन पाठमोरे वळले, दोन पावलं लष्करी शिस्तीत टाकली, आणि मग ती शिस्त तिथेच सोडून हिरवळीवरून काकूंकडे जवळजवळ धावत गेले.