श्वास रोखा, हलू नका

कॅमेऱ्याची लेन्स निवडायला दहा मिनिटं पुरतात, असं रोखासोड्यांनी ठरवलं. चहाचा कप टेबलावर होता. त्यावर बशी झाकत ते बायकोला म्हणाले, "आलोच." त्या चहाचं पुढे काय झालं ते विचारू नका.

रोखासोडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं ते हॉस्पिटलात एक्स-रे काढत होते आणि काचेच्या खिडकीआडून दिवसातून ऐंशी वेळा "श्वास रोखा, हलू नका... सोडा" म्हणत होते. खरं आडनाव हळूहळू पगाराच्या कागदापुरतं उरलं. बायकोशी ओळखही त्याच खिडकीतून झाली. ती छातीच्या फोटोसाठी आली, यांनी "श्वास रोखा" म्हटलं, बटण दाबलं, आणि मग काचेतून तिच्याकडे बघतच राहिले. "सोडा" म्हणायचं राहून गेलं. ती जांभळी पडेपर्यंत. (शिस्तीची होती म्हणून. दुसरी कुणी असती तर श्वासही सोडला असता आणि यांनाही.)

तर ही बायको मोटार चालवायला शिकवायची. तिने "ब्रेक" म्हटलं की शेजारच्या गल्लीतल्या गाड्याही थांबायच्या. दोन वर्षांपूर्वी तिने तो आवाज गाण्याकडे वळवला. तिचा धाकटा भाऊ केस कापायच्या दुकानाचा मालक, पण जीव त्याचा बासमध्ये, म्हणजे ते माणसाएवढं उभं वाद्य, ज्याला मिठी मारून वाजवतात. त्याने ताईला आपल्या मंडळींत घेतलं, आणि आता येत्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, चपलांच्या गोदामाखालच्या तळघरात तिचा पहिला जाहीर कार्यक्रम होता.

"मला एकच फोटो हवाय," बायको म्हणाली होती. "गातानाचा. डोळे उघडे, तोंड उघडं. तळघराच्या मालकीणबाई तो बाहेर पोस्टरवर लावणार आहेत. चांगला आला नाही तर बासचा लावतील म्हणे."

"माझा म्हणजे?" भाऊ खुलला.

"तुझा नाही. नुसत्या बासचा."

आता ऐका. हजारो लोकांच्या बरगड्या ज्यांनी लख्ख टिपल्या, त्या रोखासोड्यांना सव्वीस वर्षांत बायकोचा एक फोटो धड काढता आला नव्हता. कधी डोळे मिटलेले, कधी डोकं कापलेलं. एका सहलीच्या फोटोत ती अजिबातच नाही, फक्त तिची पर्स आहे. बायकोने तोही जपून ठेवलाय, भांडणात उपयोगी पडतो.

कॅमेऱ्याचं दुकान एक आजी चालवायच्या. सत्तरीच्या, चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड, आणि जीभ धारदार.

"अंधारात गाण्याचे फोटो काढायचेत," रोखासोडे म्हणाले. "आणि अंधाराचं मला शिकवू नका. अर्धं आयुष्य अंधाऱ्या खोलीत गेलंय."

"तिथे पेशंट नाचत होते का?"

"नाही."

"मग गप्प ऐका." आजींनी तीन लेन्स काउंटरवर मांडल्या. "ही तुमच्या कॅमेऱ्याबरोबर आली असेल, तसलीच. दिवसाउजेडी ठीक आहे, तळघरात तिला काही दिसायचं नाही. ही लांबची. मागे उभं राहून पुढचं ओढून घेते. आणि ही छोटी. हिच्यावर एक पॉइंट आठ लिहिलंय. हा आकडा जितका लहान, तितकं आतलं भोक मोठं, तितका उजेड जास्त. पण ही काही ओढून घेत नाही. पुढे जायचं असेल तर आपल्या पायांनी जायचं."

रोखासोड्यांनी छोटी बघितली. लोणच्याच्या बरणीच्या झाकणाएवढी होती. मग लांब लेन्स उचलली. ती दोन्ही हातांनी उचलावी लागली, आणि उचलताच त्यांना आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागलं.

"छोटी न्या आणि पुढे उभे राहा," आजी म्हणाल्या.

"पुढे लोक बघतात," रोखासोडे पुटपुटले.

आजींनी चष्म्यावरून त्यांना आरपार पाहिलं. एक्स-रे असाच निघत असावा. "तिन्ही न्या," त्या म्हणाल्या. "घरी करून बघा. ओरखडा पाडलात तर तुम्हालाच शोकेसमध्ये ठेवीन."

घरी करून बघायचं म्हणजे तळघर घरी आणणं आलं. रोखासोड्यांनी भर दुपारी खिडक्यांना चादरी ठोकल्या. टेबललॅम्पवर लाल बादलीचं झाकण बांधून स्टेजचा दिवा तयार केला. (अर्ध्या तासाने झाकण वितळलं. बादली अजूनही उघडी बोडकीच आहे.) बायको हातात डाव घेऊन माइकसमोर उभी राहिल्यासारखी उभी राहिली. मेहुणा सोफ्यावर बसून मजा बघत होता.

पहिल्या लेन्सने कोळशाच्या खाणीचा सुंदर फोटो आला.

मग आली लांब लेन्स. दिवाणखान्याच्या एका टोकाला बायको, दुसऱ्या टोकाला हे, आणि फोटोत फक्त एक नाकपुडी.

"मागे जायला हवं," रोखासोडे म्हणाले.

"या मागे," बायको म्हणाली, आणि तिच्या आवाजात आपोआप धंद्याचा सूर आला. "सावकाश. स्टिअरिंग सरळ. थोडं डावीकडे कापा. बास. आता सरळ मागे, मागे, आरशात बघा..."

कॅमेरा डोळ्याला लावून रोखासोडे स्वयंपाकघरातून उलटे गेले, बोळातून गेले, न्हाणीघरात शिरले. "येऊ द्या, येऊ द्या, अजून जागा आहे," दिवाणखान्यातून हुकूम येतच होता. बादलीशी जागा संपली. पाण्यात बसता बसता त्यांनी दोन्ही हातांनी लेन्स डोक्यावर उंच धरली आणि बायको फोटोत मावली. फोटो मात्र हलला. माणूस बुडताना हलतोच.

राहिली छोटी. ती लावून रोखासोडे बायकोपासून दोन हातांवर उभे राहिले. एवढ्या जवळून तिच्याकडे बघायची सवय मोडली होती. त्यांना उगीच घाम फुटला. टोपी काढून त्यांनी डोकं पुसलं, वाकले, बटण दाबलं.

"नाक सुरेख आलंय," ते म्हणाले.

"मी नाकाने गात नाही. डोळे कुठायत?"

"डोळे जरा धूसर आलेत. या लेन्सचं असंच असतं. नाक धरलं की डोळे सुटतात."

"पण तोंडावर उजेड छान आलाय," बायको म्हणाली. "आधीच्या दोन्हींत नव्हता."

"लेन्सचा गुण," रोखासोडे म्हणाले आणि त्यांनी टोपी घातली. मेहुण्याने त्या टोपीकडे पाहिलं आणि नजर छताकडे वळवली. त्यांच्या डोक्यावर त्याचा धंदा कधीच चालला नव्हता, त्यामुळे त्या विषयावर तो जपून असायचा.

एवढं होऊनही रविवारी निघताना रोखासोड्यांनी लांब लेन्सच घेतली. कारण साधं होतं. मागच्या भिंतीला टेकून फोटो काढता येतील, पुढे कुणी बघणार नाही. बायकोने ते ओळखलं. छोटी लेन्स तिने एका स्वच्छ मोज्यात गुंडाळली आणि त्यांच्या खिशात कोंबली.

"मी गाताना तुम्ही कुठे असाल?" तिने एवढंच विचारलं.

"मागे. पाण्याच्या पिंपाजवळ."

"बरं," ती म्हणाली. सव्वीस वर्षांच्या संसारात त्या "बरं"चा अर्थ कुणालाही कळतो. रोखासोड्यांना तो कळायला दोन गाणी लागली.

तळघरात शंभरेक माणसं, वर चपलांचा वास, खाली लाल दिवे. फ्लॅशला मनाई. रोखासोड्यांनी पिंपाजवळ मोर्चा बांधला. पहिलं गाणं सुरू झालं आणि त्यांनी सटासट चाळीस फोटो काढले. त्यांत एका गृहस्थाचा कान चार वेळा आला. बाकी ठिकाणी बायको होती, पण लाल वाफेसारखी. लेन्स वळवताना एका बाईंच्या सरबतात बुडाली, आजींच्या शोकेसचा विचार मनात येऊन गेला. आणि दुसऱ्या गाण्यात त्यांना ते दिसलं. बायको गात होती, सुरेल गात होती, पण मोटार मागे घेताना बघावं तशी तिची नजर पुनःपुन्हा मागे जात होती. पिंपाकडे. अंधारात तिला काहीच दिसत नव्हतं.

रोखासोड्यांनी मोजा काढला. अंधाऱ्या खोलीत वर्षानुवर्षं चाचपडत फिल्म भरणारी बोटं ती, न बघता त्यांनी क्षणात लेन्स बदलली. मोठी पिंपामागे ठेवली आणि माणसांतून वाट काढत ते थेट पहिल्या रांगेत जाऊन उभे राहिले.

"ओ टोपीवाले," मागून आवाज आला. "टोपी काढा, काही दिसत नाही."

त्यांनी टोपी काढून खिशात घातली. बायकोने खाली पाहिलं. ती हसली, आणि तिने तिसऱ्या गाण्यासाठी मान हलवली. हे गाणं संथ होतं. सुरू होण्यापूर्वी सगळे एकदम शांत झाले. मेहुण्याने बासला मिठी मारली. ड्रम वाजवणाऱ्या दंतवैद्यबाईंनी काठ्या हवेत धरल्या. बायकोने तोंड उघडलं. रोखासोड्यांनी कॅमेरा उचलला, डोळा लावला, बोट बटणावर टेकवलं, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून आपलं काम करवून घेतलं.

"श्वास रोखा," ते हॉस्पिटलच्या खणखणीत आवाजात म्हणाले. "हलू नका."

शंभर माणसांनी श्वास रोखला. त्या आवाजाला नाही म्हणता येतच नाही, त्यापुढे भलेभले सदरा काढून उभे राहिलेत. काठ्या हवेतच थांबल्या. मेहुण्याचं बोट तारेवर थांबलं. बायकोने जुन्या सवयीने तोंड मिटलं, गाल फुगवले आणि खांदे ताठ केले.

खटकन फोटो निघाला.

रोखासोड्यांनी तो पडद्यावर मोठा करून पाहिला. नाक स्पष्ट. डोळे स्पष्ट, उघडे, दोन्ही. पापण्या मोजता येतील इतका लख्ख. इतकं सुंदर काम आपल्या हातून झालंय यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी फोटो आणखी मोठा केला. मग मान वर करून खऱ्या बायकोकडे पाहिलं, आणि बघतच राहिले.

तळघरात चिटपाखरू हलत नव्हतं. दंतवैद्यबाईंचे हात थरथरायला लागले. सरबतवाल्या बाई लाल दिव्यातही जांभळ्या दिसायला लागल्या.

शेवटी बायको माइकपाशी वाकली आणि दातांमधून, शंभर जणांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "अहो, सोडा म्हणा."

"सोडा," रोखासोडे म्हणाले.

शंभर माणसांचा श्वास एकदम सुटला. त्या वाऱ्यासरशी हसणं आलं, हसण्यात काठ्या पडल्या, बास घुमला आणि बायकोने हसत हसतच सूर लावला. असा लागला की वर गोदामात चपलाही जागच्या जागी ठेका धरत असतील. रोखासोडे कॅमेरा पोटाशी धरून ऐकत राहिले. गाणं संपलं, पुढची चार गाणीही संपली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की त्यानंतर एकही फोटो काढलेला नाही.

घरी बायकोने तो एकुलता एक फोटो बराच वेळ न्याहाळला.

"सव्वीस वर्षांत तुमच्या हातून माझा पहिला चांगला फोटो आला," ती म्हणाली. "आणि त्यात मी पाण्याखाली आहे."

"डोळे उघडे आहेत," रोखासोडे हळूच म्हणाले.

"आहेत." तिने फोटो पर्सच्या फोटोशेजारी ठेवला, आणि फोटो ठेवलेला हात तिथून त्यांच्या खांद्यावर आला. "पुढच्या वेळीही पुढेच उभे राहा. कॅमेरा नसला तरी चालेल."

पोस्टर मात्र लागलं. पुढच्या आठवड्यात रोखासोडे सरबताचा डाग पुसलेली लांब लेन्स परत द्यायला निघाले होते, वाटेत ते दिसलं. बायको हसत हसत गातेय, डोळे उघडे, तोंड उघडं, अगदी तिने मागितला होता तसा. फोटो मालकीणबाईंनी स्टेजच्या बाजूने आपल्या मोबाइलवर काढला होता, तिकिटं फाडता फाडता, एका हाताने.

शेजारी कुणीतरी उभं होतं. दुकानातल्या आजी. चष्मा पोस्टरला टेकवून त्या बारकाईने बघत होत्या.

"मोबाइलवर काढलाय," रोखासोडे पडेल आवाजात म्हणाले.

"ते दिसतंच आहे. पण काढणारीला अक्कल आहे हं. एवढ्या अंधारात चेहऱ्यावर खालून कसा मऊ उजेड घेतलाय बघा. समोर रिफ्लेक्टर धरला होता वाटतं. हा इथे, कोपऱ्यात. चांगला गोल, गुळगुळीत. कुठल्या कंपनीचा आहे हो? मला दुकानात ठेवायला हवा."

रोखासोड्यांनी खिशातून टोपी काढली आणि डोक्यावर घातली.