गावंडेभाऊंची यादी

संगणकावरची यादी उघडायच्या आधी गावंडेभाऊ खुर्चीतून उठायचे आणि दोन्ही खोल्यांत ऐकू जाईल असं ओरडायचे, "यादीत कोन हाये?"

नवीन माणूस दचकायचा. आम्ही आपापल्या जागेवरून "मी नाही", "मी बी नाही" असं सांगायचो. मगच भाऊ बसायचे.

यवतमाळातली आमची संस्था लहान. फिट येणाऱ्या मुलांना गावोगावी दर महिन्याला गोळ्या पोचवायच्या, एवढंच काम. चार संगणक तारांनी जोडलेले आणि सगळ्यांची मिळून एकच यादी. भाऊंचा त्यावर एक ठरलेला पाठ होता. "दोघं संगं घुसले तं जो मागून सेव्ह करते, तो राह्यते. पहिल्याचं लिहिलेलं गेलं कामातून!"

एकदा प्रमोद यादी उघडी टाकून दाढी करायला गेला. भाऊ सलूनमध्ये गेले आणि गळ्यात कापड, अर्ध्या गालाला फेस, अशा अवतारात त्याला घेऊन आले. मी म्हटलं, "भाऊ, तुम्हीच बंद करायची ना."

"त्यानं काय लिहून ठेवलं, मले काय मालूम? ज्याचं त्यानंच बंद करावं."

आम्ही हसायचो. मी तर जरा जास्तच.

एका सकाळी भाऊ यादीत होते आणि मला घाई होती. नियमानं मला थांबायला हवं होतं. मी गुपचूप यादीची नक्कल केली, तिच्यात माझ्या तारखा भरल्या आणि दुपारी ती नक्कल मूळ यादीच्या जागी ठेवून दिली. कोणाला काही कळलं नाही. मलाही नाही.

दोन आठवड्यांनी गोळ्यांची पाकिटं गाडीतून रवाना झाली. भाऊ रिकाम्या टेबलाकडे बघत म्हणाले, "दिग्रसकडच्या तांड्यावरची नवीन पोरगी? तिचं पाकीट कुठं दिसलं नाही."

यादीत तिचं नावच नव्हतं. भाऊंनी ते त्याच सकाळी, मी नक्कल केल्यानंतर लिहिलं होतं. तिला सुरुवातीला पंधराच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि त्या अचानक थांबल्या की काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं. मी सगळं सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त पिशवी उचलली. "चाला ताई, एसटी सुटन."

दिग्रसहून पुढे ऑटो, मग पायी. पोरगी अंगणात शेळीच्या पिल्लामागे धावत होती. आम्हाला बघून "याडी!" म्हणून आईला हाक मारत घरात पळाली. एकच गोळी उरली होती.

आई भाऊंना म्हणाली, "मले वाटलं, नाव कटलं आमचं."

"नाव कायले कटन बाई? माह्यीच चूक झाली," भाऊ म्हणाले. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच गप्प केलं.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "भाऊ, काहून घेतलं अंगावर?"

ते म्हणाले, "पहिल्या नोकरीत माह्या हातानं असंच झालं होतं. अशीच पोरायची यादी. मोजली तं दोन नावं कमी भरली. एक सापडलं."

"आणि दुसरं?"

"ते कोनाचं होतं, मले आजवर मालूम नाही."

भाऊंनी खिडकीकडे तोंड फिरवलं.