सोपानभाऊजींचं अनुमान

जवळ सरकून बस माय. आणि तो फोन ठेव बाजूला. माणूस समोर बोलून राहिलं तरी तुझं बोट आपलं चालूच. बरं, फोनवर का होईना, तू विचारतेस तरी. आमच्या शेजारचे सोपानभाऊजी कुणाला काही विचारतच नाहीत.

नरसीला यात्रेत, एका कीर्तनात त्यांनी 'अनुमान' हा शब्द ऐकला, तेव्हापासून तो अख्ख्या गोरेगावच्या डोक्यावर बसलाय. डोंगरावर धूर दिसला की तिथं विस्तू असणारच, हे डोंगर न चढता कळणं म्हणजे अनुमान. "विचारतो तो अडाणी, वैनी. आपण अनुमान काढावं." सेनगावची जीप कधी सुटणार हे ड्रायव्हरला विचारायचं नाही. ज्याअर्थी त्यानं दुसरा चहा सांगितला, त्याअर्थी वेळ आहे, म्हणून हे निवांत पान जमवत बसतात. जीप निघून जाते. तो चहा पिणारा ड्रायव्हर भलत्याच जीपचा असतो.

मी शाळेचं तोंड फार पाहिलं नाही, पोथ्या वाचून वाचून अक्षर पक्कं केलं. मी त्यांना सांगितलं, पोथीत अनुमान येतं ते अदमास, संशय अशा अर्थानं. खरं काय ते अनुभवानंच कळतं. तर म्हणे, "पोथी लिहिणाऱ्यानं आमचं कीर्तन ऐकलं नसंल."

मागच्या उन्हाळ्यात तर कहर केला. मी मिरची कांडली, डोळे लालभडक झाले. चूल पेटवायचा कंटाळा आला म्हणून गॅसवरच भागवलं. भाऊजींनी भिंतीवरून पाहिलं. ज्याअर्थी चुलीला धूर नाही आणि वैनीचे डोळे सुजलेत, त्याअर्थी माहेरचं कुणीतरी गेलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून दुपारी गल्लीतल्या बाया पिठलं-भाकरी घेऊन दारात हजर. एक तर गळ्यात पडून रडायलाच लागली. माझा भाऊ तिकडे कनेरगाव नाक्याला ढाब्यावर धडधाकट जेवत बसलेला. दुसऱ्या दिवशीपर्यंत पिठलं पुरलं. भाऊजींनीही खाल्लं, वर मीठ कमी म्हणाले.

आता ऐक. दिवाळीनंतर माझ्या पोरानं हट्ट धरला, घराला कुलूप लाव आणि पुण्याला कायमची ये. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण ज्वारीची कोठी रिकामी केली, गाद्या उन्हात टाकल्या, शेळी पुतण्याकडे धाडली. आता हा माणूस गावभर करणार, म्हणून मी कंबर कसून बसले. गावात कुणी चकार शब्द बोलेना.

मग एका सकाळी भाऊजी चक्क फाटकातून आत आले. एरवी सगळा कारभार भिंतीवरून. बायको गेल्यापासून त्यांच्या घरी चूल नाही, डबा येतो तो थंड. संध्याकाळचा चहा तेवढा माझ्याकडे, तोही मागत नाहीत. भिंतीवर रिकामा कप ठेवतात, समजायचं ते मी समजायचं.

टोपी हातात घेऊन, कोठीकडे बघत म्हणाले, "वैनी, तुमी पुण्याला चालल्या का?"

मी म्हटलं, "समदं समोर हाये. काढा की अनुमान."

"ते निघून राहिलं, वैनी. म्हणून तर विचारून राहिलो."

मी उठले. आत गेले आणि चूल पेटवली. लाकडं जरा ओलीच घातली, धूर भिंतीपलीकडे जावा म्हणून.

तर आता मी इथंच. शेळीही परत आणली. तू मात्र फिरून लवकर ये. आधी फोन करू नकोस. दारात जीप थांबली की भाऊजी भलतंच काहीतरी काढतील. काढू दे. आपण चहा एक कप जास्त टाकू.