भट्टीवाले दादांच्या निद्रेची मोहीम

थोरामोठ्यांच्या लढाया बहुतांनी लिहिल्या, परंतु उशीपायी जाहलेली लढाई कोणी कागदावर घेतली नाही, म्हणोन जैसे घडले तैसे, पदरचे काही न घालता, लिहिले आहे.

राजमान्य राजश्री भट्टीवाले दादा, मुक्काम दुसरा मजला, यांची चाकरी पावाच्या भट्टीवर, रात्रपाळीची. आणि अवघी इमारत ज्यांचे पाव खाऊन कामास जाई ते दादा सकाळी आठास बिछान्यावर दाखल होत, आणि नेमके नवास वरल्या मजल्याचे पेन्शनर काका, इमारतीचे अध्यक्ष आणि फळ्या ठोकण्याचे बहुत शौकीन, ड्रिलमशीनची तोफ डागीत. दादांनी कानांत कापसाची कुमक धाडली, तीही जेर जाहली. मग मंगळवारी पेंगेच्या भरात तापला पत्रा उघड्या हाताने धरोन तळहात भाजला, तेव्हा वहिनीसाहेबांचे फर्मान सुटले, की सभा भरवाच, नाहीतर एक दिवस भट्टीतच पडाल.

रविवारी अकरास जिन्याखाली सभा भरली. काका गरजले, "झोप हा हक्क कुठल्या कायद्यात लिहिलाय, दाखव की मला!"

दादा उभ्या उभ्या डुलत बोलिले, "श्वास घ्यायचा तरी कुठे लिहिलाय, काका?"

सभा हेलावली आणि ठराव मंजूर जाहला, की झोप हा माणसाचा मूलभूत हक्क, सबब झोपलेल्यास कोणीही, कोणत्याही कारणे, उठवू नये. राहिली फक्त अध्यक्षांची सही. परंतु मागील सभेचे इतिवृत्त वाचावयाचे गडबडीत राहोन गेले होते, ते रिवाजाचे पक्के सेक्रेटरी आता वाचू लागले, आणि पाण्याच्या टाकीवरील चर्चेच्या सातव्या पानावर काका कलम हाती धरोन घोरू लागले.

मोठाच पेच पडला. सही नाही तर ठराव नाही, आणि उठवावे तर ठरावाचीच बेअदबी. सेक्रेटरींनी हात पुढे केला, तो दादांनीच अडविला.

"राहू द्या. डोळा लागलाय त्यांचा."

तीन महिने ज्याने डोळ्यास डोळा लागू दिला नाही त्याच्यासाठी हे बोलणे सोपे नव्हे. मग सभा चपला हाती घेऊन पांगली, आणि दादा सहीच्या राखणीस शेजारल्या खुर्चीत बसले.

दीडास काका जागे जाहले, तो उजव्या खांद्यावर दादांचे मस्तक आणि मांडीवर पट्टी बांधलेला हात. खांद्यास मुंग्या आल्या तरी काका बहुत वेळ हलले नाहीत. मग डाव्या हाताने, वेडीवाकडी, कागद वाजू न देता सही केली.

येणेप्रमाणे दादांची फत्ते जाहली. ती त्यांस सायंकाळी पाचास, उठल्यावर, कळली.