सहा महिन्यांची घासाघीस

१९५५ साली आमच्या जळगावात सरकारने दुकानदारीचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग काढला. फी नव्हती. वर्गात फळा होता, तराजू होता, गिऱ्हाईक समजायची एक रिकामी खुर्ची होती. विद्यार्थी तेवढे नव्हते. म्हणजे एकच होती, आणि ती मी. माझं बांगड्यांचं दुकान होतं. दुपारी तिथे कुणी येत नसे आणि वर्गात पंखा होता.

शिकवायला लीलाधर मास्तर. सज्जन माणूस. जन्मात कधी काडेपेटी विकलेली नव्हती, पण ती विकण्याचे चार टप्पे तोंडपाठ होते. चौथा टप्पा ‘विक्रीपश्चात स्मित’. ते माझ्याकडे बघून रोज करत.

मग धुळ्याच्या कचेरीतून पत्र आलं. महिनाअखेर पटावर तीस नावे न आढळल्यास वर्ग बंद करून शिक्षकास साक्री तालुक्यात पाठवण्यात येईल. मास्तरांच्या पत्नी कुंदाबाई अकराव्या बदलीनंतर नुकत्या इथे रुळल्या होत्या.

“तुम्ही जा साक्रीला,” त्या म्हणाल्या. “मी आणि माझा पाटा-वरवंटा आता हलणार नाही.”

मास्तर आठवडी बाजारात निघाले. वाट दाखवायला मी बरोबर. पहिली भेटली वांगी विकणारी भिकुबाई.

“कितला दिवसना वर्ग शे?”

“सहा महिने, अक्का.”

“सहा महिना? मना बठ्ठा माल सडी जाई! दोन करा.”

“हा शासकीय अभ्यासक्रम आहे. कमी होत नाही.”

“मंग राहू द्या.” तिने पाठ फिरवली.

आमच्या बाजारात पहिल्या बोलीला घेणारा वेडा आणि पाठ फिरवणाऱ्याला हाक न मारणारा त्याहून वेडा. मास्तरांना तर त्या पाठीपलीकडे साक्रीचे डोंगर दिसले. “चार!” ते ओरडले. अडीच महिन्यांवर ठरलं.

शेजारी कुलपं दुरुस्त करणारे अन्वरभाई सगळं ऐकत होते. “मास्टरसाब, बाईला अडीच, तर आपल्याला दीड लावा. दहा माणसं आणतो.” घाऊक म्हणून दीड लागलं. केळीवाल्या उखर्डूने पंधरा दिवसांवर आणलं, हजेरी वगळून. दिवस मावळेपर्यंत प्रवेश आणि प्रमाणपत्र एकाच भेटीत मिळू लागलं.

भिकुबाई तणतणत आली. “माले अडीच महिना, आन् उखर्डूले उभ्या उभ्या?”

मास्तरांनी तिचंही तिथेच लिहून दिलं.

“आन् वर काय?”

रिवाजच होता, शेर वांग्यांवर दोन मिरच्या पडतातच. मास्तरांनी वर म्हणून तिच्या सासूच्या नावाचं एक दिलं. सासू दोन वर्षांपूर्वी वारली होती, पण पटाची त्याला हरकत नव्हती.

भिकुबाईने प्रमाणपत्र चौकटीत घालून टोपलीमागे टांगलं आणि चमत्कार झाला. वकील, मास्तर, कारकून अशी शिकली-सवरलेली मंडळी भाव न करता वांगी घेऊ लागली. “बाई प्रशिक्षित आहे,” ते एकमेकांना सांगत, “भाव शास्त्रशुद्ध असणार.” मग काय, प्रमाणपत्राला बाजारभर रांग लागली. पट दोनशे बारावर गेला.

तपासणीला धुळ्याहून तोताराम साहेब आले. वर्गात पंख्याखाली मी एकटी.

“विद्यार्थी कुठे आहेत?”

“प्रात्यक्षिकाला,” मास्तर म्हणाले.

साहेब बाजार फिरून आले. दुकानोदुकानी चौकटी पाहून प्रसन्न झाले होते. पिशवीत मागितल्या भावाची वांगी होती. त्यांनी दार लोटलं.

“मास्तर, माझा एक भाचा आहे भुसावळला. त्याला किती महिने लावाल?”

“आपल्यासाठी... आत्ताच.”

“बरं,” साहेब हळूच म्हणाले, “आणि वर?”

वर्ग कायम झाला. मास्तर निवृत्त होईपर्यंत जळगावातच राहिले आणि कुंदाबाईंनी दारात तुळस लावली. पूर्ण सहा महिने बसून प्रमाणपत्र घेणारी मी एकटीच. हे बाजारात मी कधी बोलले नाही. इतकं महाग घेतलं म्हणून लोक हसले असते.

तुम्हीही हसा. पण मागच्या खेपेला डॉक्टरांच्या खोलीत भिंतीवरची चौकट बघून निमूट जीभ बाहेर काढलीत, तेव्हा त्या चौकटीत काय लिहिलंय ते वाचलं होतंत का?