लूकसमामांचं फाटक

एकाहत्तर सालच्या डिसेंबरात अमेरिकेने बंगालच्या उपसागरात ढेकणांचं औषध फवारलं, अशी बातमी मी आमच्या गल्लीला दिली. मी तेव्हा दहावीत होतो. इंग्रजीत पस्तीस मार्क होते, भूगोलात तेवढेही नव्हते.

पण बातमी देण्याचा अधिकार मला होता, आणि तो दिला होता लूकसमामांनी.

लूकसमामा म्हणजे रेल्वेचे निवृत्त फाटकवाले. श्रीरामपुरात आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटेच राहायचे. नोकरी संपली होती, पण खाकी कोट, शिट्टी आणि लाल-हिरव्या झेंड्या संपल्या नव्हत्या. नळावर दोन बायकांची जुंपली की मामा लाल झेंडी आडवी धरून मध्ये उभे राहायचे. "फाटक लागलंय! आधी द्रुपदाबाई जातील, मंग तुमी."

"मी काय मालगाडी हाय व्हय, मामा?" द्रुपदाकाकू कमरेवर हात ठेवून विचारायच्या. मामा त्यांच्याकडे खालून वर एकदा बघायचे आणि शहाण्यासारखे गप्प बसायचे.

त्या दिवसांत जगाचे दोन तट होते आणि दोन्ही आमच्या शाळेपर्यंत पोचले होते. मधल्या सुट्टीत अमेरिकेच्या पावडरीचं दूध मिळायचं, आणि वह्या-पुस्तकांना रशियाच्या गुळगुळीत मासिकांची कव्हरं असायची. पोटात अमेरिका आणि दप्तरात रशिया घेऊन आम्ही वाढत होतो. दोघांकडे अणुबॉम्ब आहेत हे मात्र ना दुधाने सांगितलं, ना कव्हरांनी. ते सांगितलं मामांनी.

"एक अप, एक डाऊन. रूळ एकच, आन् डायवर दोघं बी तापट. आपल्या हातात काय? फाटक लावायचं."

म्हणून दिवाळी होताच मामांनी परसात खंदक खणायला घेतला. आता नगर जिल्ह्यात माणूस खड्डा खणतो तो पाण्यासाठीच. येणारा-जाणारा विचारायचा, "मामा, लागलं का पानी?"

"लागू नये म्हनून प्रार्थना करतोय," मामा मुरमात कुदळ हाणत म्हणायचे.

खंदक तयार झाला तसा मामांनी आत कडेने चौदा विटा मांडल्या. गल्लीत पाच घरं, चौदा माणसं. प्रत्येक विटेवर खडूने नाव. रविवारी चर्चमधून आले की मामा पुसट झालेली नावं पुन्हा गिरवायचे. माझ्या विटेवर लिहिलं होतं, 'बाळू, इंग्रजी खातं.' रेडिओ फक्त आमच्याकडे होता. सकाळच्या इंग्रजी बातम्या ऐकून मामांना खबर द्यायची, हे माझं काम. माझे मार्क वडिलांना, म्हणजे आप्पांना, माहीत होते, मामांना नव्हते. एवढा विश्वास माझ्यावर तोवर कुणी टाकला नव्हता, त्यामुळे इंग्रजी कळत नाही हे सांगायची सवडच मला मिळाली नाही.

लढाई सुरू झाली. काचांना कागद चिकटले. आणि एका सकाळी रेडिओच्या खरखरीतून शब्द आले, 'सेव्हन्थ फ्लीट', 'बे ऑफ बेंगाल'. बे ऑफ बेंगाल मला कळला, म्हणून मी हरखलो. सेव्हन्थही कळलं. आणि फ्लिटचा पंप तर आमच्या पलंगाखालीच होता, ढेकणांवर मारायचा!

मी धावत सुटलो. "मामा, अमेरिकेने बंगालच्या उपसागरात फ्लिट मारलं! सात नंबरचं!"

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. "सात नंबर? म्हंजे मानसांचंच."

आणि शिट्टी वाजली.

पाच मिनिटांत गल्ली खंदकात होती. आई पिठाच्या हातांनी, आप्पा अर्ध्या दाढीने. द्रुपदाकाकूंना उतरवायला तिघं लागले. मामांनी आपलं वाळत घातलेलं धोतर फाडून, बादलीत बुडवून, प्रत्येकाच्या हातात नाकाला लावायला ओलं फडकं दिलं. मग सगळे आपापल्या विटेवर बसले. माझी धाकटी बहीण शोभा आईला हळूच म्हणाली, "आई, मरताना दुखतं का गं?" आईने तिला उराशी घट्ट धरलं. मी माझं ओलं फडकंही तिच्या हातात दिलं.

वर काठावर फक्त मामांचे बूट दिसत होते.

"मामा, खाली या ना," आई म्हणाली. "तुमची वीट कुठाय?"

"माझी न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"समदी खाली बसली तर धोका टळल्याची शिट्टी कोन वाजवनार, वहिनी? गाडी गेल्याबिगर फाटकवाला जागा सोडत न्हाई."

"आवं, तोंडाला फडकं तरी लावा!" द्रुपदाकाकू रडकुंडीला आल्या.

"मंग शिट्टी कशी वाजवू?"

एवढ्यात आप्पा माझ्याकडे वळले. "नेमकं काय ऐकलंस? शब्दाला शब्द सांग."

मी सांगितलं. आप्पांनी डोळे मिटले. "गाढवा, फ्लीट म्हणजे आरमार. जहाजं! वर जा आणि तुझ्या तोंडाने सांग त्यांना."

मी वर चढलो. मामा पूर्वेकडे तोंड करून हवा हुंगत उभे होते. डिसेंबरच्या थंडीत कपाळाला घाम, आणि हातात लाल झेंडी आडवी धरलेली. मी सगळं कबूल केलं.

"म्हंजे औषध न्हाई?"

"नाही मामा. लढाईची जहाजं."

"हितं येतील?"

"इथं पाणी कुठंय, मामा?"

मामांनी खंदकाकडे बघितलं. "बरं झालं लागलं न्हाई," ते म्हणाले आणि त्यांनी लांबलचक शिट्टी वाजवली. हिरवी झेंडी हलवत एकेकाला वर घेतलं. मोजलं. चौदा.

त्यानंतर माझं नाव फ्लिट पडलं, ते शाळा संपेपर्यंत. मामांना मात्र कुणी हसलं नाही. उलट रोज कुठल्या ना कुठल्या घरातून त्यांच्या खोलीवर भाकरी-कालवण जायला लागलं. मामांनी लगेच त्याचं टाइमटेबल करून दाराला लावलं. पुढे मी बऱ्याच गावांत राहिलो, बऱ्याच मोठ्या माणसांत वावरलो. पण आपल्या नावाची जागा कुणीतरी आधीच धरून ठेवली आहे, आणि ते नाव दर रविवारी गिरवतोही आहे, हे सुख पुन्हा मिळालं नाही. आजही कुठे हिरवी झेंडी हलताना दिसली की मी मनातल्या मनात हात जोडतो.

त्या फ्लिटच्या गोंधळाच्या दुसऱ्याच दिवशी मी एक वीट मिळवली, तिच्यावर खडूने 'लूकसमामा' लिहिलं आणि खंदकात माझ्या विटेशेजारी ठेवली. मामांनी ती बराच वेळ पाहिली. नावावरून बोट फिरवलं, पण पुसू न देता. मग वीट उचलून वर आणली, खंदकाच्या काठावर ठेवली आणि तिच्यावर बसले.

"बरी हाय," ते म्हणाले. "गाडी लेट असली की पाय लई दुखत्यात."

मी शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. मामांनी मला जवळ ओढलं, माझा कान धरला आणि आत डोकावून बघितलं.

"आता घरी जा," ते म्हणाले, "आन् कान धुऊन ये."